राजूर घाटातली दोन सीटांची मोटर

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी यात पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलं. सांगितलं मला मावशीच्या यजमानांनी, उत्तमराव काकांनी, तेही आयुष्यात एकदाच.

साल एकोणीसशे अडतीस. मार्गशीर्ष महिना. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. जागा म्हणजे बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरणारा राजूरचा घाट. वेळ दिवेलागणीची.

उत्तमराव वकिली करायचे बुलढाण्याला आणि राहायचे मलकापूरला. अठ्ठावीस मैल जायचं, अठ्ठावीस मैल यायचं.

रोज.

बुलढाण्याला बिऱ्हाड करायची सोय नव्हती. रुखमा मावशीचं दुसरं मूलही पोटातच गेलं आणि तिनं जे अंथरूण धरलं, ते सोडलंच नाही. दाक्तर म्हणाले, हिला जागेवरून हलवायचं नाही. दिवसभर शेजारची तानुबाई तिच्याजवळ बसायची. पण दिवे लागले की तानुबाईला तिचं घर होतं. तोवर उत्तमरावांना पोचणं भागच होतं.

सर्व्हिस मोटरचा, म्हणजे भाड्याच्या बसचा, काही नेम नसे. म्हणून त्यांनी कापसाच्या जिनिंगमधल्या एका गोऱ्या साहेबाची जुनी मोटर घेतली. साहेब विलायतेला परत चालला होता.

मोटर शर्यतीची होती. बारा-तेरा वर्षांची. लांबलचक नाक, त्यावर आवळलेला चामड्याचा पट्टा, मागे चिकटून दोनच सीटा. वर टप नाही. हातब्रेक बाहेरच्या अंगाला. तिचा आवाज असा, की ती दूर मोताळा गावात असली की राजूरची कुत्री उठून बसायची.

शर्यतीसाठी केलेल्या त्या मोटरीला उत्तमरावांनी बैलासारखं रोज जुंपलं.

पहाटे थंडीत हँडल मारायचं. दहा-बारा हिसक्यांनंतर ती उठायची. चढावर तिचं पाणी उकळायचं. उतारावर ब्रेक धरायचे नाहीत. स्प्रिंगा इतक्या कडक, की प्रत्येक खड्डा मणक्यात जायचा. दिवसभर कोर्टात उभं राहायचं. संध्याकाळी पुन्हा तोच रस्ता, तीच धूळ, मलकापूरला कापूस घेऊन निघालेल्या बैलगाड्यांची तीच रांग. घरी औषध, शेक, रात्रीतून चारदा उठणं.

दोन वर्षं हे चाललं. शेवटी शेवटी उत्तमराव मावशीशी बोलतसुद्धा नसत. राग नव्हता. तोंड उघडायचंही बळ उरलेलं नसे.

आणि मग तो सोमवार आला.

घाटाच्या वरच्या वळणावर मोटर आली. सूर्य नुकताच खाली गेला होता. पुढे गाड्यांचे कंदील हलत होते. उत्तमरावांनी गेर बदलला...

आणि आवाज गेला.

इंजिन बंद पडलं नव्हतं. बोनेट थरथरत होतं. चाकं फिरत होती. पण एवढ्या गोंगाटी मोटरीचा आवाज, कुणी कानावर हात ठेवावेत तसा, एकदम नाहीसा झाला.

पुढच्या क्षणी ते घाटाच्या पायथ्याशी होते.

मोटर हैदरचाचाच्या चहाच्या छपरासमोर उभी होती. हातब्रेक ओढलेला होता. मधली सगळी वळणं, सगळ्या बैलगाड्या, काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

"डुलकी लागली," ते स्वतःशीच म्हणाले. त्या घाटात डुलकी म्हणजे सरळ दरी.

पण घरी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं...

पायथ्याशी शुद्ध आली, तेव्हा त्यांचे दोन्ही हात शालीच्या आत होते.

मंगळवारी तेच झालं. बुधवारीही. आधी आवाज जायचा, मग रस्ता. मोटर मात्र पायथ्याशी नीट उभी असायची. ब्रेक तापलेले नसायचे. इतकी सुरेख मोटर उत्तमरावांना कधीच चालवता आली नव्हती.

गुरुवारी सकाळी ते हैदरचाचाकडे पाणी भरायला थांबले. चाचा म्हातारा माणूस, डोळे मात्र घारीसारखे. चहाचा कप देता देता तो म्हणाला,

"वकीलसाहेब, भाऊ आले काय तुमचे?"

"कोणाचे भाऊ?"

"काल मोटर हाकून राह्यले होते ना, ते. तुमी डाव्या सीटवर झोपले होते, शाल घेऊन. मी हाक मारून राह्यलो होतो, तं त्याईनं हातानंच गप केलं मले. म्हटलं बरोबर हाय, थकले असतीन साहेब."

कप उत्तमरावांच्या ओठांपर्यंत जाऊन तिथंच थांबला.

"दिसायला कसा होता?"

चाचा हसला. "तुमच्यावानीच. म्हनून तं भाऊ म्हटलं. तेच नाक, तोच कोट. फकस्त..."

"फक्त काय?"

"ते थकलेले नोते, साहेब."

उत्तमराव आईबापांना एकुलते एक होते.

त्या संध्याकाळी निघताना त्यांनी तोंडात मिऱ्याचे चार दाणे धरले. गळ्यातला मफलर काढला आणि उजवा हात स्टेअरिंगला करकचून बांधला. गाठ दातांनी ओढली. वरच्या वळणाच्या आधीपासून ते मोठ्यानं बोलायला लागले. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, गावाचं नाव. पुन्हा नाव, पुन्हा गाव.

वळण आलं. आवाज गेला...

त्यांना स्वतःचा आवाजही ऐकू येईना. ओठ हलत होते एवढंच कळत होतं.

डाव्या खांद्याला काहीतरी लागलं. कुणी शेजारी बसताना लागतो तसा, खांद्याला खांदा.

डोळे उघडले, तेव्हा खिडकीतून ऊन येत होतं.

ते घरात होते. स्वतःच्या अंथरुणावर. सकाळ झाली होती. मफलर घडी करून उशाशी ठेवलेला होता.

मावशी भिंतीला टेकून बसली होती. ती आपली आपण उठून बसल्याला कित्येक महिने झाले होते. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"काल किती दिवसानं बोलले तुमी," ती म्हणाली.

"काय... काय बोललो मी?"

"घ्या! रातभरात इसरले? माह्या माहेरच्या, बीबी गावच्या गोष्टी काढल्या. लहानपनी बाजारात मी हरवली होती ते ईचारलं. माहे केस विंचरून देले. पाय दाबून देले. मी हसली, तं तुमी बी हसले." थोडं थांबून तिनं खाली मान घातली. "आज बी तसेच या, बरं?"

उत्तमरावांना बीबीच्या बाजारात हरवल्याचं काहीच माहीत नव्हतं. तिनं ते त्यांना कधी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं, आणि त्यांनी ऐकलं नव्हतं?

इथवर सांगून काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी तेव्हाच मोटर सोडाले पाह्यजे होती. नाही सोडली."

का, ते त्यांनी लपवलं नाही. बायको दोन घास जास्त खात होती. तानुबाई म्हणाली, वहिनीच्या तोंडावर रंग आला. आणि त्यांना स्वतःला झोप मिळत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा. संध्याकाळी कोर्टातून निघून मोटरीत बसायचं, वळणापर्यंत जायचं, आणि मग काहीच करायचं नाही. ना बैलगाड्या, ना खड्डे, ना औषधाचा वास, ना कण्हणं. डोळे उघडायचे ते एकदम सकाळी. घरातलं सगळं झालेलं असायचं.

कुणीतरी करत होतं.

काही दिवसांनी ते वळणाच्या आधीच डोळे मिटायला लागले.

मग एका मंगळवारी संध्याकाळी ते कोर्टासमोर मोटरीत बसले. हँडल मारायच्या आधी जरा मान मागे टेकवली. आवाज गेला...

खरं तर इंजिन अजून सुरूही झालेलं नव्हतं. जो आवाज गेला, तो बाजूच्या झाडावरच्या पाखरांचा होता.

डोळे उघडले तेव्हा ते उभे होते.

अंगात काळा कोट होता. समोर न्यायाधीश लेखणी उचलून थांबले होते. सगळं कोर्ट त्यांच्याकडे बघत होतं. त्यांचं तोंड अर्ध्या वाक्यावर उघडं होतं.

"हां, मग पुढं?" न्यायाधीश म्हणाले.

उत्तमरावांना पुढचं वाक्य माहीत नव्हतं. खटला कुणाचा, तेही माहीत नव्हतं. चक्कर येते म्हणून ते तसेच बाहेर आले. त्यांचा कारकून कडूबा पाणी घेऊन धावला.

"कडूबा, आज वार कोणता?"

"शनवार, साहेब."

"मंगळवारनंतर मी... मी आलो होतो कोर्टात?"

कडूबा चपापला. "असं काऊन ईचारता? रोज तं आले. या हप्त्यात तं तुमी वाघ होते साहेब. समदे म्हनून राह्यले, उत्तमराव पयल्यासारखे झाले."

त्यानं कागद पुढं केले. चार दिवसांचं टिपण. अक्षर उत्तमरावांचंच होतं. पण तसं ते दहा वर्षांपूर्वी होतं. सरळ, ठसठशीत, घाई नसलेलं.

त्यांनी बोटांवर वार मोजले. चार दिवस गेले होते. पुढच्या खेपेला चार महिने जातील. आणि एखाद्या खेपेला... कुणी उठवणारच नाही. कशाला उठवेल? सगळ्यांचं चांगलंच चाललं होतं.

मोटर बाहेर उभी होती. धुतलेली. पितळी दिवे घासून लख्ख केलेले. ते तिच्यात बसले नाहीत. त्यांनी कडूबाला पाठवून सईद मिस्त्रीला बोलावलं. माणसं लावून मोटर त्याच्या शेडपर्यंत ढकलत नेली.

"हिचे भाग सुटे करा," ते म्हणाले. "माझ्यासमोर."

"साहेब, चालती गाडी हाय. काऊन मोडता? मैना हाय मैना."

"मोडा म्हटलं ना."

इंजिन उचलून बाहेर काढेपर्यंत ते तिथंच उभे राहिले. डावी सीट काढताना मिस्त्रीनं त्यांच्याकडे पाहिलं. सीटचं कातडं माणसाच्या आकाराचं दबलेलं होतं. उजव्या, चालवणाऱ्याच्या सीटचं कातडं... कोरं होतं. घडीसुद्धा पडलेली नव्हती. जणू तिच्यावर कधी कुणी बसलंच नव्हतं.

ते शेवटच्या सर्व्हिस मोटरनं मलकापूरला आले. दिवे कधीच लागले होते. धुळीनं भरलेले, पाय ओढत ते दारात पोचले.

मावशी दारातच होती. उभी होती. भिंतीला धरून, पण स्वतःच्या पायांवर. वेणी घातली होती. कपाळावर कुंकू ताजं होतं.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या मागे, रस्त्यावर पाहिलं.

"तुमी आले," ती म्हणाली. "अन् ते?"

"कोण ते?"

ती वळली. हळूहळू आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

एवढंच.

मावशी बरी झाली. दाक्तरांनाही नवल वाटलं. पुढं बुलढाण्यालाच बिऱ्हाड केलं. संसार चालला, जसा चालतो तसा. उत्तमराव कोर्टात जायचे, यायचे, जेवायचे, निजायचे.

मी त्यांच्याकडे चार दिवस राहायला गेले, ते बऱ्याच वर्षांनी. माझं लग्न झालं होतं. दिवेलागणीला बघते, तर मावशी दारात उभी. काका आत खुर्चीवर बसलेले.

"मावशी, वाट कोणाची पाहून राह्यली? काका तं घरातच हायत."

"हाव," ती म्हणाली. "ते हायत."

आणि रस्त्याकडंच बघत राहिली.

काकांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, मावशी देवळात गेलेली असताना, त्यांनी मला हे सगळं सांगितलं. मी विचारलं,

"काका, तो पुन्हा आला तं?"

त्यांनी हाताच्या तळव्यांकडे पाहिलं.

"मी लई थकलो, पोरी," ते म्हणाले. "आला, तं जागा देईन."

त्यानंतर काका अकरा वर्षं जगले. नातेवाईक सांगतात, शेवटची चारेक वर्षं ते अगदी बदलले होते. हसायचे, गप्पा मारायचे, मावशीला घेऊन गावोगाव हिंडायचे. मावशीनं दारात उभं राहणं सोडलं होतं. दोघांनी मला कितीदा तरी पत्रं पाठवून बोलावलं.

पत्रातलं अक्षर सरळ होतं. ठसठशीत.

मी त्या घरी पुन्हा गेले नाही.