सातव्या घरातला टिपका

थोरलीने रोजच्यासारखी सकाळी नऊला प्रयोगशाळा उघडली, चष्मा पुसला आणि पडद्यासमोर बसली. काचेच्या निर्वात पेटीत लेसरच्या चिमट्यांनी शंभर अणू एकेकटे धरायचे आणि त्यांच्या ठोक्यांवर घड्याळ चालवायचं, हे तिचं अकरा वर्षांचं काम. उद्या तपासणी समिती येणार होती. घड्याळ चुकलं तर प्रयोगशाळेला टाळं लागणार, हे तिला स्पष्ट सांगून झालं होतं.

पडद्यावर दहा ओळी, ओळीत दहा घरं. कॅमेऱ्याला अणू दिसेल तिथे टिपका. एखादा अणू मिनिटभर टिकतो, मग निसटतो आणि त्या जागी दुसरा धरावा लागतो. चौथ्या ओळीतल्या सातव्या घरातला मात्र सोमवारपासून हललाच नव्हता. शिवाय त्याचे ठोके बाकीच्यांच्या मागे पडत चालले होते, रोज थोडे जास्त.

तिने भावोजींना बोलावलं. धाकट्या बहिणीचा नवरा, त्या पेटीचा कारागीर. काहीही बिघडलं की आधी स्क्रू तपासणारा माणूस. कॅमेऱ्यातच खोट असणार म्हणून त्यांनी तो बदलला. टिपका तिथेच.

"चिवट आहे. सासूबाईंवर गेलाय," ते म्हणाले.

आईवरच्या विनोदाला एरवी ती हसली असती.

दुपारी तिने सगळे अणू सोडून द्यायचं ठरवलं आणि लेसर बंद केले. नव्व्याण्णव घरं काळी झाली.

एक नाही.

भावोजींनी लेसरचा प्लगच उपटला. मग कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण लावलं. टिपका होताच. आता तो लुकलुकत होता, संथपणे, एका लयीत.

थोरलीचा हात नकळत मानेकडे गेला. नाडीवर दोन बोटं टेकवून ती पडद्याकडे बघत राहिली.

"काय झालं, ताई?"

"माझ्याबरोबर चाललाय."

त्यांनी तिचं मनगट धरलं आणि मोजलं. मिनिटाला चाळीस. पुन्हा मोजलं, एकतीस. डॉक्टरकडे जाऊ म्हणाले. पण तिला चक्कर येत नव्हती, दम लागत नव्हता. उलट बरंच वाटत होतं. उद्या समिती येतेय, आधी लेसर लावा, ती म्हणाली.

त्यांनी वाकून प्लग लावला.

टिपका विझला.

भावोजींची बोटं तिच्या मनगटावर टेकली, सरकली, थांबली. मग मानेवर गेली.

"आता किती?" तिने विचारलं.

ते तिच्याकडे न बघता पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.