मागचा दोर

नऊ वर्षांची असताना मला या बेटावरून उचलून बोटीत टाकलं. तीस घरं, एक शाळा, एक विहीर. सगळं एका दिवसात रिकामं. वादळाचं निमित्त होतं. परतायची परवानगी मी बावन्न वर्षांनी मागितली. मिळाली नाही, म्हणून न विचारता आले. तीन आठवडे आईच्या घरात राहतेय.

आज मोजणी खात्याचे साहेब आले. बूट भिजलेले, तोंड आंबट.

"बाई, नियम साधा आहे. दोन माणसं असतील तर वस्ती. एकच असेल तर बेट निर्मनुष्य. घरं पाडणार, तुम्हाला दुपारच्या बोटीने नेणार."

"म्हणजे मी माणूस नाही?"

"एकट्याला वस्ती म्हणत नाहीत."

अंगावर आलं की शिंगावर घ्यायचं, ही माझी सवय. पण म्हटलं, आधी पाणी देऊ.

विहीर खोल, रहाट जड. इथे पाणी दोघींनी काढायचं. पुढचीने ओढायचं, मागचीने सुटलेला दोर ताणून धरत गुंडाळायचा. पुढचीने मागे बघायचं नाही. नजर हटली की बादली दगडावर आपटते. लहानपणी आईच्या मागे मी असायची.

पहिल्या दिवशी एकटीने ओढायला गेले, तर दोर मागून ताणला गेला. म्हटलं, रहाट गंजलाय. तेल घातलं. दुसऱ्या दिवशी बादली काठावर ठेवून वळले, तर दोराची नीट गुंडाळी पडलेली. म्हटलं, वारा. वारा काय गुंडाळ्या करतो, कपाळ! भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण पाणी हवं होतं, आणि मदत होत होती. मी चौकशी केली नाही.

आजही ओढायला लागले. साहेब समोर उभे होते. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच राहिली.

"ही मुलगी कोण?" त्यांनी विचारलं.

मी मागे बघितलं नाही. दोर सोडला नाही.

"दिसतंय ना? मग लिहा. दोन."

"नाव सांगा."

"तिलाच विचारा."

साहेबांनी माझ्या मागे बघत नाव विचारलं. मला काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी मात्र मान हलवली, अक्षर अन् अक्षर नीट लिहिलं आणि कागद माझ्यापुढे धरला.

माझं नाव होतं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

"झालं एक," साहेब म्हणाले. "आता तुमचं?"

मी बादली काठावर टेकवली. मागे दोर अजून ताणलेलाच होता.

"तेच," मी म्हटलं. "पुन्हा लिहा."