हिरव्या लुगड्यातलं भूत

माझ्या आईबाबांची ओळख एका किंकाळीने झाली.

१९८७ चा वैशाख होता. मोहाडीत चंद्रकला मावशीचं लग्न. आई आंब्याच्या पानाने कलशातलं पाणी शिंपडत होती, आणि एक थेंब व्हिडिओवाल्याच्या तापलेल्या दिव्यावर पडला. फट्ट आवाज झाला, काच उडाली, आणि आई अशी ओरडली की बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं. सगळा मांडव तिच्याकडे वळला. व्हिडिओवाला तर कॅमेरा खांद्यावरून उतरवायचंही विसरला.

त्या दिवशी ते दोघं अजून माझे आईबाबा नव्हते, म्हणून इथे मी त्यांना नावानेच लिहिते. रुखमा आणि भोजराज.

पंगतीत रुखमा वरण वाढत त्याच्या पानापाशी आली.

"तुमचा दिवा माह्या हातानं फुटला. चुकलं जी."

"दिव्याचं जाऊ द्या. ते… मघाशी ओरडल्या, तसं पुन्हा ओरडता येईन का तुमाले?"

"काहून? जेवण गोड नाई लागून राहिलं का?"

"तसं नाई. मी सिनेमा करून राहिलो, भुताचा. सगळं जमलं, भूतच भेटत नव्हतं."

"अन् मी तुमाले भूत दिसली!"

"दिसत नाई… ऐकू येता."

तिने पळीभर, मग अजून पळीभर वरण ओतलं. त्याच्या पानातला भात पार बुडाला, तरी तो 'पुरे' म्हणाला नाही. ती तोंड फिरवून पुढच्या पानाकडे गेली, कारण हसू आवरत नव्हतं.

भोजराज कोंढ्याचा. लहानपणी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा, आणि त्यातले भुताचे सिनेमे त्याने एकेक करून पाठ केले होते. स्वस्तात, घाईघाईत केलेले सिनेमे. रबराचे पंजे, दोरीने ओढलेली वटवाघळं, पातळ केलेल्या कुंकवासारखं रक्त. मोठी माणसं हसायची. तो हसायचा नाही. तो पंजा कुणीतरी मन लावून रंगवला असणार, असं त्याला वाटे. भंडाऱ्याच्या एका दुकानात लग्नं शूट करण्याची नोकरी लागली, तेव्हापासून एकच गोष्ट त्याच्या डोक्यात होती. त्या सिनेमांना नमस्कार म्हणून आपणही एक तसाच सिनेमा करायचा. मालकाने दोन लग्नतिथींच्या मधले चार दिवस कॅमेरा दिला होता.

बाबा हे सांगायचे तेव्हा हात हवेत उचलून पंजा करून दाखवायचे. यंदा माघात ते गेले. आता ही गोष्ट एकट्या आईकडे उरली आहे. ती सांगते तशी लिहिते.

मावशीच्या लग्नानंतरच्या मंगळवारी भोजराज सिनेमाचं विचारायला रुखमाच्या घरी आला. ओसरीवर तिची आई गोदावरीबाई सुपात तांदूळ निवडत होती. वहिनी, मंदाबाई, दाराशी टेकून गंमत पाहत होती.

"सिनेमात काय करा लागते?" रुखमाने विचारलं.

"आधी हिरोइन… धबधब्याखाली न्हाते." त्याचे कान लाल झाले. "म्हणजे, त्या सगळ्या सिनेमांत न्हाते जी. रीतच आहे."

"धबधबा कुठं आहे आपल्याकडं? बोडीत म्हशी न्हातात. त्यायलेच घ्या."

मंदाबाई खुदकन हसली.

"न्हाणं काढून टाकतो," भोजराज घाईने म्हणाला. "तुमी भूत व्हा फक्त. एक पांढरं लुगडं अन्…"

"पांढरं काहून?"

"भूत पांढरंच नेसते न."

रुखमाने आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "माही मायही पांढरं नेसते. बाबा गेले तवापासून. ती भूत आहे का?"

सुपाचा आवाज थांबला. भोजराजने गोदावरीबाईंकडे पाहिलं. ते सगळे सिनेमे त्याने किती वेळा पाहिले होते, पण हे त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

"चुकलं, मावशी," तो म्हणाला. "खरंच चुकलं."

गोदावरीबाई उठून आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तिचं लग्नातलं हिरवं लुगडं होतं.

"हे नेसून होऊ दे भूत. पण पोरीचं तोंड दिसलं नाई पायजे. रविवारी एकोडीवाले हिची सुपारी फोडाले येऊन राहिले. पोरगी सिनेमात नाचते म्हणतील अन् उठून जातील."

"नाई दिसणार, मावशी. केस सोडू तोंडावर."

रात्रीसाठी दिवे नव्हते, म्हणून भूत भरदुपारी निघालं. गावाबाहेरचं लहान तळं, म्हणजे बोडी, आणि तिच्या पाळीवर, बांधावर, मोहाचं झाड. भोजराजचा मित्र नत्थू दवाखान्यात कंपाउंडर होता. तो चिकटवलेल्या मिशा लावून जमीनदार झाला. झाडामागून हिरवं भूत उठलं, केसांच्या पडद्याआडून किंचाळलं, आणि पाण्यातले सगळे बगळे एकदम उडाले. नत्थूला पळायचं होतंच, पण तो सांगितल्यापेक्षा पुष्कळ लांब पळाला.

"भाऊ, परत या! सीन झाला!" मंदाबाई ओरडत होती.

भोजराजने रुखमाच्या केसांना एकदाही हात लावला नाही. "जरा उजवीकडं…" म्हणायचा, आणि मंदाबाई केस सारखे करायची. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यात सगळं काळंपांढरंच दिसे. हिरवं लुगडं राखाडी दिसायचं. मग तो मधूनच डोळा काढून नुसतं बघायचा — रंग नीट आहे का ते पाहतो, असं सांगून.

तिसऱ्या दुपारी मोहाच्या सावलीत त्याने तिला पाण्याचा गडवा दिला.

"एकोडीचा मुलगा… कसा आहे?"

"पाह्यला नाई. नोकरी आहे म्हणतात."

"चांगलं आहे."

"हे विचारून राहिले, का सांगून राहिले?"

तो कॅमेऱ्याची काच उगाच पुसत राहिला.

शुक्रवारी शेवटचा सीन होता. भूत पाठ फिरवून पाळीवरून चालत जातं, लांब, लांब, आणि सिनेमा संपतो. रुखमा चालू लागली. दहा पावलं गेली… आणि थांबली. वळली. दोन्ही हातांनी केस मागे सारले, आणि सरळ बघितलं. कॅमेऱ्याकडे नाही, त्याच्या जरा वर. हसलीसुद्धा नाही. नुसतं बघितलं, मनातलं सगळं सांगून झाल्यासारखं.

कॅमेरा बंद करायचं त्याला सुचलंच नाही. ती चालत जवळ आली तेव्हाही तो चालूच होता.

"हे… पुसू का?" त्याने विचारलं. "कॅसेट मागं घेऊन त्याच्यावरच पुन्हा घेता येते."

"तुमाले पुसावंसं वाटते का?"

"नाई."

"मग मले कायले विचारता?"

"मावशीले शब्द दिला जी. अन् रविवारी तुमची…"

"म्हणून तर. रविवारच्या आधी मायले दाखवा." ती लुगड्याचा पदर नीट करत म्हणाली, "पुसायचं का ठेवायचं, ते तिच्यासमोर ठरवू."

शनिवारी दुपारी भोजराजने रिक्षातून टीव्ही आणि व्हीसीआर आणला. गोदावरीबाई समोर मांडी घालून बसली. नत्थूच्या पळण्याला ती हसली, किंकाळीला दचकली. मग पाळ आली, पाठमोरं भूत आलं, आणि तिच्या लेकीचा चेहरा. चित्र जरा थरथरत होतं. पडद्यावर मुंग्या आल्या, तशी ती म्हणाली,

"ते शेवटचं पुन्हा लावा."

त्याने लावलं.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा बघून झाल्यावर तिने विचारलं, "तवा कॅमेऱ्याच्या मागं नत्थू होता का?"

"नाई मावशी," भोजराज उभा राहिला. "मी होतो."

"मले दिलेला शब्द?"

"मोडला. पुसता येत होतं… पुसवलं नाई."

गोदावरीबाईने लेकीकडे पाहिलं. रुखमाने मान खाली घातली नाही.

"एकोडीवाल्यायले काय सांगू वो आता?"

"सांग, पोरगी सिनेमात आहे," रुखमा म्हणाली. "अन्… तिले तिथंच बरं वाटते."

मंदाबाईने पदर तोंडाशी धरला. गोदावरीबाईने बंद झालेल्या पडद्याकडे एकदा पाहिलं. मग भोजराजला म्हणाली, "बोलणी कराले तुमच्याकडं कोण आहे?"

"काका आहे. तुलाराम काका. कोंढ्याले."

"मग इथं कायले उभे आहात? पाचची एसटी सुटून जाईन. सकाळी एकोडीवाले यायच्या आधी त्यायले घेऊन या."

भोजराज पळाला. टीव्ही, व्हीसीआर, कॅसेट, सगळं ओसरीवर तसंच टाकून.

"आत्या, सामान राहिलं न त्यायचं," मंदाबाई म्हणाली.

"राहू दे," गोदावरीबाई म्हणाली. "येईनच तो."

तो आला. काकांना घेऊन, एकोडीवाल्यांच्या तासभर आधी.