अर्ध्या किमतीची माणसं

दोष काकांचाच. तीस वर्षं रस्त्यात दिसेल त्याला उभं करायचं, "हसा जरा, एक प्रत तुम्हाला देतो" म्हणायचं, कॅमेऱ्याचा खटका दाबायचा आणि विसरून जायचं. एकालाही कधी प्रत दिली नाही. आणि मी कॉलेज सोडलं म्हणून मलाच उठताबसता शिकवायचे, "माणसानं शब्दाला जागावं!"

दर प्रदर्शनात त्यांची तीच जुनी छायाचित्रं. कडा पिवळ्या, कोपरे दुमडलेले, पण किमतीला हात लावायचा नाही. शेवटी मी भांडलो.

"जुना माल अर्ध्यात काढा, काका."

"कला आहे ती. शिळी भाजी नाही."

"भाजी असती तर निदान खपली असती."

काका लालबुंद. "ठीक आहे. संध्याकाळपर्यंत ही फोटोंची पेटी रिकामी करून दाखव, डार्करूमची किल्ली तुझी!"

मला आयुष्यात तेवढंच हवं होतं. मी 'अर्ध्या किमतीत'ची पाटी लावली. काका फणफणत चहाला गेले.

दुपारी प्रदर्शनाचा हॉल पेंगत होता. पंख्याची घरघर तेवढी. मग हायपोचा आंबूस वास आला, फोटो धुताना येतो तो. मान वर केली, तर समोर एक न्हावी. कानावर कंगवा, पुढचा दात गायब.

"माझा आहे का बघ रे यात."

मी पेटी चाळली. सापडला. तोच कंगवा, तोच पडका दात. मागची तारीख माझ्या जन्माआधीची.

"हे... तुमचे वडील?"

"वडील कसले? मीच की! देखणा होतो ना?"

त्याच्या हातातली नोट ओली होती. तेवढ्यात मागून पोस्टमन आला, मग ठिपक्यांच्या झग्यातली पोरगी, सायकलवाले जुळे भाऊ. बघता बघता झुंबड उडाली.

"अगं, तू तर डोळेच मिटलेस!"

"आणि तुझं पोट बघ, चौकटीत मावेना!"

"उभा मी राहिलो आणि मलाच विकतोस? अजून कमी कर, लेका!"

मी करत गेलो. अंगावर काटा होता आणि हसून हसून पोटही दुखत होतं. इतकी खूश माणसं आमच्या घराण्यानं कधी पाहिली नव्हती.

पेटी रिकामी झाली, तेव्हा काका दारात होते. न्हाव्यानं त्यांना हात केला.

"फार ताटकळत ठेवलंत, साहेब. उभं राहून पाय मोडले. येतो आता!"

काकांच्या हातातला पेला निसटला.

"याला... याला स्मशानात पोचवायला मी स्वतः गेलो होतो रे..."

त्याच संध्याकाळी आम्ही डार्करूममध्ये निगेटिव्ह दिव्यापुढे धरल्या. सायकली होत्या, टपालपेटी होती, भिंती होत्या. न्हाव्याची खुर्चीही होती, आणि तिच्यावर नीट ठेवलेला कंगवा.

किल्ली मला मिळाली. काकांनी तीस वर्षांत टिपलेला एकही माणूस आता त्यांच्याकडे नाही.