एका भट्टीचे तारे

हर्षालीला बसमध्ये झोप लागायची ती हक्काची. अंबडच्या कारखान्यात आठ तास उभं राहून गिअर तपासायचे, साडेतीनला सुटायचं आणि घरी, देवळाली कॅम्पला जाणाऱ्या बसमध्ये डोळे मिटायचे. त्या दुपारी ब्रेक लागला, तिची मान पुढे गेली आणि तेलकट बोटं शेजारच्या माणसाच्या मांडीवरच्या कागदावर टेकली.

"सॉरी हं…"

"राहू द्या. आकाशात दोन तारे वाढले, एवढंच."

कागदभर नुसते ठिपके होते. माणसाचं नाव रंगनाथ. कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवायचा, आणि उरलेल्या वेळात ताऱ्यांच्या प्रवाहांवर काम करायचा. चेहरा तिच्याइतकाच पेंगुळलेला.

"ताऱ्यांचा प्रवाह म्हणजे?" तिनं जांभई आवरत विचारलं.

"हजारो तारे एकत्र जन्मतात, गुच्छात राहतात. पण आकाशगंगा त्यांना ओढत असते. कडेचे आधी सुटतात… मग हळूहळू अख्खा गुच्छ उसवतो आणि त्याची लांबच लांब रांग होते."

"भांडण वगैरे काही नाही?"

"छे. नुसती ओढ."

"आमचंच घर की," ती म्हणाली. भाऊ दुबईला, बहीण मालेगावला, वडील तर कायमचेच गेलेले. मागे उरली ती आणि आईचे दुखरे गुडघे.

"पण एवढ्या गर्दीत कोण कुठल्या गुच्छातलं, कसं ओळखता?"

"एकाच वाटेनं चाललेले असतात. शिवाय अंगातलं लोखंड वगैरे. एकत्र जन्मलेल्यांचं प्रमाण जुळतं."

तिची झोप उडाली. "अहो, आम्हीपण तेच करतो. एका भट्टीचा माल दहा ट्रेमध्ये मिसळू दे, धातू तपासला की बरोबर सापडतो."

रंगनाथ तिच्याकडे बघतच राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो तिच्यासाठी जागा धरू लागला.

"तुमचं कॉलेज एकला सुटतं ना?" एकदा तिनं पकडलंच. "मग साडेतीनची बस कशाला?"

"एकच्या बसमध्ये माझ्या कागदांना कुणी तेल लावत नाही."

ती खिडकीबाहेर बघून हसली. बोलता बोलता अहो-जाहो कधी गळालं, कळलं नाही.

जानेवारीत त्यानं विचारलं, "लग्न करशील माझ्याशी?"

डबल शिफ्ट करून ती इतकी दमली होती की आनंदसुद्धा नीट होईना. तिनं ॲप्रनच्या खिशातलं पिवळं कार्ड काढलं आणि त्याच्या बॅगेला बांधलं. पास मालाला हिरवं कार्ड, रिजेक्टला लाल, आणि ठरायचं असेल तर पिवळं, म्हणजे होल्ड. त्यानं ते दोन महिने काढलं नाही.

मार्चमध्ये त्याला चिलीतल्या एका वेधशाळेत दोन वर्षांचं काम मिळालं.

"रविवारी निघतोय," बस स्टॉपवर तो म्हणाला. "पण पिवळ्या कार्डाचा माल गेटबाहेर जात नाही, असं तूच सांगितलंस. लाल लाव नाहीतर हिरवं, पण आज लाव."

हर्षालीला भाऊ आठवला. तोसुद्धा दोनच वर्षांसाठी गेला होता. आधी रोज फोन, मग रविवारी, आता दिवाळीला. पुन्हा कुणाची तरी वाट बघत बसायची, या विचारानंच तिचे पाय दुखायला लागले.

"मी नाही येऊ शकत रे. आईला सोडून नाही."

"ये कुठं म्हणतोय? थांबशील का विचारतोय."

"थांबायचाच तर कंटाळा आलाय मला." तिनं चपलेनं माती उकरली. "पण तू शेजारी नसलास की या बसचापण येणार… आवडतोस तू मला. फार."

तिनं पिवळं कार्ड सोडवलं, हिरवं काढलं आणि गुडघ्यावर ठेवून भरायला घेतलं. 'तपासणारा'पुढे सही केली. 'कुठे पाठवायचं' या रकान्याशी पेन अडलं.

"चिली लिही," रंगनाथ हळूच म्हणाला.

तिनं नाही म्हणून मान हलवली आणि ठळक अक्षरात लिहिलं, देवळाली कॅम्प. मग कार्ड त्याच्या बॅगेला बांधून गाठ दोनदा मारली.