चंचलने मुलगा पाहिला

तो हसला. झालं एवढंच, पण चंचलच्या अंगाचा भडका उडाला.

वर्ध्याच्या त्या हॉस्पिटलात, कॅन्सरवर किरणं देतात त्या खोलीबाहेर तो बाकावर बसला होता अन् ती आतून आली होती. आत तोंडावर प्लास्टिकचा जाळीदार मुखवटा चढवून तो टेबलाला घट्ट अडकवत, डोकं जरासुद्धा हलू नये म्हणून. बाहेर आलं की जाळीचे चौकोन गालावर उमटलेले असत.

"काऊन दात काढून राह्यले?" ती थेट त्याच्यापुढे उभी राहिली. "शरम नाई वाटत, बिमारावर हासाले?"

"तुमच्यावर नाई हो मॅडम..." तो गडबडून उठला. "माह्या बाबाच्या तोंडावरही असेच चौकोन उमटते. मी त्याईले बुंदीचा झारा म्हणतो. आज दुसरा झारा दिसला, म्हणून—"

"मी झारा?"

"तुम्ही नवा झारा. बाबा जुना."

तेवढ्यात त्याचे बाबा, नत्थूबाबा, बाहेर आले. घशाचा कॅन्सर, आवाज पार बसलेला, अन् दोन्ही गालांवर चौकोनच चौकोन. चंचलला हसू आलं. तिने ते रागाने गिळून टाकलं.

राग तिच्याजवळ भरपूर होता. सेलूत ती ब्लाउज शिवायची. नाकातून रक्त आलं, डावा गाल सुजला, तेव्हा कळलं की गालाच्या हाडामागे, सायनसच्या पोकळीत गाठ आहे अन् ती डोळ्याखालच्या हाडापर्यंत गेली आहे. पहिला डॉक्टर म्हणाला, वरचा जबडा काढू, डोळाही काढू. जसा काही ब्लाउजचा हूक! इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "केमो अन् किरणं सोबत देऊ. डोळा वाचवायचा प्रयत्न करू. पण मधे खंड पडू द्यायचा नाही. गाठ उरलीच, तर मग ऑपरेशन."

म्हणजे डोळा अजून अधांतरीच होता. लोक मात्र आतापासूनच कीव करायला लागले होते.

कीव करत नव्हता तो एकटा, बाकावरचा तो हसणारा अश्वजित. नाचणगावचा, पुलगावात मोटरसायकली दुरुस्त करणारा, नखं कायम तेलाने काळी. बापासाठी बिनमिरचीचा मठ्ठा आणायचा अन् एक गिलास चंचलपुढे ठेवायचा.

"बाबाचा उरला."

"रोज उरते? काका दोन गिलास पेले. मी पाह्यलं."

"एकाच डोळ्यानं पाह्यलं असंल..."

चंचलने गिलास उचलला अन् मठ्ठा त्याच्या शर्टावर ओतला.

दुसऱ्या दिवशी तो तोच डागाळलेला शर्ट घालून आला. "धुतला नाई," तो हळूच म्हणाला. "तुमची सही हाय ना यावर."

त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये चंचल खिडकीकडे तोंड करून बसली. हसू कोणाला दिसू नये म्हणून.

अन् घरी आत्या वाट पाहत होती. आईमागे चंचलला वाढवणारी मनकर्णाआत्या. "डोळा हाय तोवर उजवून टाकू पोरीले," असं ती बापाला सांगताना चंचलने ऐकलं. पाहुणे दुसऱ्याच दिवशी यायचे होते. त्यांना बिमारीचं काही सांगायचं नाही, असं ठरलं. किरणांनी गाल काळवंडला होता. त्यावर काही म्हणजे काही लावायचं नाही, हे हॉस्पिटलने बजावलं होतं. पण आत्याने हळद, बेसन, लिंबू कालवलं. "रंग थोडासा उजयते माय, घरच्या बाकी पोरीईलेही मीच लावलं होतं." केमोने गळून पडलेल्या चंचलच्या अंगात भांडायचं बळ नव्हतं.

गाल भाजला. कातडी सोलून निघाली. पाहुणे चहा न पिताच उठले. हॉस्पिटलने जखम भरेपर्यंत किरणं थांबवली.

अश्वजितला कळलं तेव्हा तो बाकावरून ताडकन उठला.

"खंड पडला तं गाठ जोर धरते, तुले ठाऊक नोतं?"

"माह्यावर काऊन ओरडता? तुम्ही कोण माहे?"

"कोणीच नाई! कोणी असतो तं ती वाटी फेकून नसती का देल्ली!" त्याचा आवाज फाटला. "कोण कुठचे लोकं येते, त्याईच्यासाठी हयद लावून बसतेस. मी रोज पाहातो तुले... सुजलेली, चौकोनाची, चिडलेली. मले काऊन नाई बोलावलं?"

"तुम्हीही म्हणले असते, चालून दाखव."

"तं तू ये. नाचणगावले ये अन् तूच पाह्य मले. दोन्ही डोळ्यानं पाहाजो."

"अन् एकच राह्यला तं?"

"तं एकानं पाहाजो... पण येजो."

ती निघाली. घरी जाऊन तिने हळदीची वाटी अंगणात भिरकावली. "आत्या, माह्या गालाले आता हात लावायचा नाई. डोळ्यासाठी लढून राह्यली मी, नवऱ्यासाठी नाई!" आत्या पदरात तोंड घालून रडली. चंचलने तिला रडू दिलं.

जखम भरली, किरणं पुन्हा सुरू झाली अन् एकदाची पुरी झाली. तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी नाकात दुर्बीण घालून पाहिलं, स्कॅन पाहिला. गाठ दिसत नव्हती. तपासायला येत राहायचं होतं, पण डोळा जागेवर होता.

मग एका रविवारी चंचल आत्याला घेऊन नाचणगावला गेली अन् खुर्चीत ऐसपैस बसली. अश्वजित पोह्यांचा ट्रे घेऊन आला, तर बशा खडखड वाजत होत्या.

"नाव?"

"अश्वजित."

"चालून दाखवा."

तो चालला. कोपऱ्यातून नत्थूबाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "लंगडत नाई पोरी, मीच शिकवलं त्याले."

"स्वयंपाक येते?"

"मठ्ठा येते." अश्वजितने मान वर केली अन् थबकला. "रडून राह्यली का?"

"छट्! किरणांपासून या डाव्या डोळ्याले पाणीच येते."

"अन्... उजव्याले काय झालं?"

चंचलने पदराने दोन्ही डोळे पुसले अन् रागाने नत्थूबाबांकडे वळली.

"तुमचं पोरगं लय बोलते, काका," ती म्हणाली. "पसंत हाय."