पौर्णिमेची बाजू

"अगं बाई, किती घसरतंय हे!"

आभा स्वतःशीच पुटपुटली, आणि कोलकात्यातल्या गडियाहाटच्या त्या कापडदुकानात काउंटरपलीकडून चक्क मराठीत उत्तर आलं.

"सॅटिन आहे. घसरणारच ती."

"ते," आभाने सुधारलं. "ते घसरणारच. सॅटिन नपुंसकलिंगी."

"ओ मा! कापडालासुद्धा?"

दुकान अजेयचं. घराणं मराठी, पण तीन पिढ्या कोलकात्यात. बंगालीत तो-ती-ते नसतं, म्हणून मराठी बोलताना त्याची हमखास गडबड व्हायची. आभा वडिलांच्या रेल्वेतल्या बदलीमुळे गार्डन रीचला आलेली. इथे शाळेत शिकवायची आणि रविवारी मराठी मुलांचं नाटक बसवायची. राजा, नदी आणि चंद्र यांना पोशाख हवे होते.

"पण हे इतकं चमकतं कसं?"

त्याने कापड उजेडात धरलं. "बघा, धागा चार धाग्यांवरून तरंगत जातो, मग एकाखाली बुडी मारतो. वर मोकळा राहतो ना, म्हणून चमकतो."

राजाच्या झग्याला जाड, ताठ डचेस सॅटिन. नदीला शार्मूझ... त्याने ते हातावरून सोडलं, तर पाण्यासारखं ओघळलं. आभा झेलायला गेली. बोटांना बोटं लागली. दोघंही कापडाकडेच बघत राहिले.

"आणि चंद्राला?"

"क्रेप-बॅक. एक बाजू चमकदार, दुसरी मंद. चंद्र झालेला मुलगा नुसता वळला की—"

"पौर्णिमेची अमावस्या!" आभाने टाळीच वाजवली.

मग ती येतच राहिली. कधी अस्तरासाठी, कधी उशीच्या अभ्र्याला सुती सॅटिन हवं म्हणून. तो नवा प्रकार दाखवायचा, ती त्याचं व्याकरण सुधारायची.

नाटकाच्या आदल्या दिवशी ती सॅटिनची फीत न्यायला आली.

"बाबांची बिलासपूरला बदली झाली," ती म्हणाली. "मी जायचं, की शाळा धरून इथेच राहायचं... ठरत नाहीये."

अजेयने फीत गुंडाळली. उलगडली. पुन्हा गुंडाळली.

"एक वाक्य तपासणार?"

"म्हणा."

"तू मला... आवडतोस."

"चुकलं."

त्याचा चेहरा अमावस्येच्या बाजूला वळला.

"ते वाक्य माझं आहे," आभा हळूच म्हणाली. "तुझं... 'आवडतेस'. पण तुला हे नीट यायला बराच वेळ लागेल, अजेय. मला इथे राहावंच लागणार!"